खर्ड्याचे कोटी आणि शिवराईचा खुर्दा : तांब्याच्या पैशाची प्रत कशी वाचावी?

१/
११ मार्च १७९५. आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा परिसरात सवाई माधवराव पेशव्यांच्या फौजांनी निजाम अलीचा पराभव केला. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रयास गेला. पुढे झालेल्या तहात त्याने दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख आणि कोट्यवधी रुपये देण्याचे मान्य केले. इतिहासाच्या पुस्तकात हे कोटी राहिले. त्याच छावणीतील शिपाई मात्र मीठ, तेल, तंबाखू घेताना रुपया मोडून तांब्याचा खुर्दा वापरत असे. त्या खुर्द्यातील मुख्य नाणे म्हणजे शिवराई. हा धागा तिच्याविषयी आहे.

२/
शिवराईचा आरंभ शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाशी, म्हणजे ६ जून १६७४ शी जोडला जातो. महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ अशी अक्षरे असतात. भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असते. नाण्यावर ना वर्ष, ना टांकसाळीचे नाव. ही एक उणीव पुढील सगळ्या गोंधळाचे मूळ आहे.

३/
अठराव्या शतकातील मराठी राज्याच्या नाण्यांत एक विलक्षण विसंगती आढळते. मराठ्यांच्या टांकसाळींतून पडणारे चांदीचे रुपये बहुधा मोगल बादशहाच्या नावाने, फारसी लिपीत पडत. व्यापारी, सावकार आणि सरकारी भरणा यांना उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत चालणारा रुपया हवा होता, म्हणून ती प्रथा टिकली. तांब्याचा पैसा मात्र ‘राजा शिव छत्रपति’ या नावाने, देवनागरीतच पडत राहिला. ज्याच्या हाती वर्षातून क्वचित रुपया येई, त्या कुणब्याच्या हाती छत्रपतींचे नाव रोज येत असे.

४/
याचा दुसरा अर्थ असा, की शिवाजी महाराजांच्या पश्चातही त्यांच्या नावाची शिवराई शंभर वर्षांहून अधिक काळ पडत होती. संभाजी महाराजांच्या नावाच्या आणि ‘राजा राम’ अशी अक्षरे असलेल्या शिवराया मिळतात, परंतु त्या थोड्या. शाहू महाराजांच्या काळात आणि पेशवाईतही ‘राजा शिव’ हाच मजकूर चालू राहिला. १८१८ साली पेशवाई संपली, त्यानंतरही काही काळ त्याच धाटणीचे पैसे पडले. म्हणून बाजारात ‘महाराजांच्या हातची’ म्हणून दाखवली जाणारी बहुतेक शिवराई प्रत्यक्षात महाराजांनंतरची असते.

५/
मग काळ ओळखायचा कसा? अभ्यासक अक्षरांचे वळण, ठिपक्यांची मांडणी, वजन आणि चिन्हे एकत्र पाहतात. आरंभीच्या शिवराया साधारणतः ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास भरतात. उत्तरकालीन नाणी पुष्कळदा हलकी असतात. पेशवाईच्या अखेरीस ‘दुदांडी’ शिवराई प्रचारात आली. तिच्यावरील अक्षरांच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेघा असतात, त्या दोन दांड्यांवरून हे नाव पडले. काही नाण्यांवर सूर्य, चंद्र, त्रिशूळ, बेलाचे पान अशी चिन्हे दिसतात. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठी टांकसाळींवरील १९८९ चा ग्रंथ या वर्गीकरणासाठी आजही हाताशी ठेवावा लागतो. तो नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला.

६/
विविधता एवढी का? कारण तांबे पाडण्याचे काम सरकार बहुधा मक्त्याने देत असे. १७४४ च्या सुमारास नागोठण्याचे बाळाजी बापूजी आणि रेवदंड्याचे बहिराम दातार यांना टांकसाळीचे परवाने मिळाले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९९ साली मराठी अमलातील चलनावर लिहिलेल्या निबंधात या परवान्यांची दखल घेतली आहे. परवान्यातील पैशाचे वजन १० मासे होते. १२ माशांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला, तर हे सुमारे ९.७ ग्रॅम होतात. वजन ठरलेले, परंतु ठसा कोरणारा हात प्रत्येक ठिकाणी निराळा. म्हणूनच ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ आणि ‘पति’, ‘पती’ अशी रूपे मिळतात. त्यांना केवळ अशुद्धलेखन म्हणून बाजूला सारू नये. त्यांवरूनच ठशांचे गट लावता येतात.

७/
नाणे पाडण्याची रीत साधी होती. तांब्याचे ठरावीक वजनाचे तुकडे करून ते ठोकून चपटे करीत. खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवलेला, वरचा ठसा हातात धरलेला, मध्ये तांब्याची चकती आणि वरून घणाचा घाव. ठशाचा व्यास बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण ठसा चकतीवर मावत नसे. कोठे ‘श्री’ अर्धी तुटलेली, कोठे ‘ति’ काठाबाहेर गेलेली. एकाच ठशाखालून निघालेल्या दहा नाण्यांवर मजकुराचे दहा निरनिराळे भाग उमटत. संपूर्ण मजकूर आणि पूर्ण ठिपके असलेली शिवराई म्हणूनच दुर्मीळ.

८/
नाण्याची प्रत ठरवणे ही संग्राहकांनी शोधलेली गोष्ट नाही. गावगाड्यात नाणी पारखणारा पोतदार असे. तो बहुधा सोनार असे. रुपयाचा कस, वजन आणि झीज पाहून सराफ बट्टा कापत असत. तांब्याला असा बारीक कस लावण्याचे कारण नव्हते. तेथे प्रश्न एवढाच असे, की आज एका रुपयाला किती पैसे? हा भाव गावागावांत आणि हंगामानुसार बदलत असे. दुहेरी पैशाला ‘ढब्बू’ म्हणत. तो पैसा गेला, पण जाडजूड वस्तूला ढब्बू म्हणण्याची सवय मिरचीच्या नावात अजून शाबूत आहे.

९/
आज जगभर नाण्यांची प्रत १ ते ७० या अंकांत सांगतात. या मापाचा जन्म सोन्याचांदीच्या नाण्यांतून झाला नाही, तो तांब्याच्या सेंटमधून झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली १७९३ ते १८१४ या काळातील मोठ्या तांब्याच्या सेंटवर ग्रंथ लिहिला आणि त्यात ही पद्धत मांडली. कल्पना व्यापारी होती. ज्या नाण्याची केवळ ओळख पटते त्याचा अंक १, आणि निर्दोष नाण्याचा अंक ७०. कारण त्या वेळच्या बाजारात उत्तम नाण्याला निकृष्ट नाण्याच्या सुमारे सत्तरपट किंमत येत असे. बाजार पुढे बदलला, अंक मात्र राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील नाणेसंग्राहकांच्या संघटनेने ही पद्धत सर्व नाण्यांसाठी स्वीकारली.

१०/
याच शेल्डन यांची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर असे उघड झाले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्यांनी काढून घेतले होते आणि त्या जागी हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते. जुन्या नोंदी आणि छायाचित्रे असल्यामुळेच ही अदलाबदल सिद्ध करता आली. हाताने कोरलेल्या ठशाचे, वापरलेले प्रत्येक तांब्याचे नाणे स्वतंत्र ओळख बाळगते. मात्र ती ओळख कोणीतरी आधी नोंदवून ठेवलेली असावी लागते.

११/
शेल्डन यांचे माप शिवराईला जसेच्या तसे लावले, की चूक होते. सेंटवर वर्ष आहे, पूर्ण आराखडा ठाऊक आहे, आणि बहुतेक सेंटवर तो पूर्ण उमटलेला असतो. म्हणून जे दिसत नाही ते झिजले, असे तेथे बहुधा मानता येते. शिवराईवर जे दिसत नाही ते कदाचित कधी उमटलेच नव्हते. ‘छत्र’ स्पष्ट आणि ‘पति’ गायब, एवढ्यावरून नाणे झिजलेले ठरत नाही. अपुरा ठसा आणि झीज या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत ही शिवराईची प्रत ठरवताना होणारी सर्वांत मोठी चूक होय.

१२/
दोहोंतील फरक भिंगाखाली कळतो. झीज प्रथम उंच भागांवर येते. अक्षराचा माथा सपाट व गुळगुळीत होतो, रेघ रुंदावल्यासारखी दिसते, परंतु तिचा पाया जागेवर असतो. अपुऱ्या ठशात अक्षर एकाएकी संपते आणि पुढचा पृष्ठभाग चकतीचा मूळ खडबडीतपणा दाखवतो. घाव तिरका बसला असेल, तर नाण्याची एक बाजू ठळक आणि समोरची बाजू फिकट असते. झीज दोन्ही बाजूंवर साधारण सारखी पसरते. दहा नाणी शेजारी ठेवून पाहिली, की हा भेद डोळ्यात बसतो.

१३/
म्हणून शिवराईची प्रत एका अंकात सांगण्यापेक्षा सहा गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात :
• झीज : अक्षरांचे माथे कितपत शिल्लक आहेत?
• ठसा : घाव किती खोल आणि किती समान?
• मध्य : मजकूर चकतीच्या मध्यावर आहे की सरकलेला?
• चकती : गोल, लंबट, फाटलेली की कापलेली?
• पृष्ठभाग : रंग, पापुद्रा, खड्डे, घासल्याच्या खुणा
• वजन : ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत
बाजारात ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’ हे शब्द चालतात आणि चालतील. परंतु त्यांच्या मागे ही सहा उत्तरे नसतील, तर ते शब्द केवळ भाव वाढवण्याच्या कामी येतात.

१४/
समजा, दोन शिवराया समोर आहेत. पहिली तांबूस, चकाकणारी; ‘श्री राजा शिव’ पूर्ण दिसते, पण अक्षरांच्या कडा बोथट. दुसरी काळसर तपकिरी. तिच्यावर फक्त ‘राजा’ आणि अर्धे ‘शिव’, पण प्रत्येक रेघेची कड तीक्ष्ण. नवखा संग्राहक पहिलीला अधिक पैसे देईल. वास्तविक दुसरी कमी वापरली गेली आहे आणि तिला कोणी घासलेले नाही. तिचा ठसा तेवढा सरकलेला आहे. पहिलीवर मजकूर अधिक आहे, म्हणून ती वर्गीकरणास उपयोगी. दुसरीचा पृष्ठभाग मूळचा आहे, म्हणून ती ठसा अभ्यासण्यास उपयोगी. एका अंकात हे दोन्ही मावत नाही.

१५/
आता रंगाविषयी. हवेत राहिलेल्या तांब्यावर प्रथम तांबूस तपकिरी ऑक्साइडचा थर येतो. मातीत पडलेल्या तांब्यावर त्याच्यावर हिरवा कार्बोनेटचा थर चढतो. हा थर घट्ट, गुळगुळीत आणि स्थिर असेल, तर तो नाण्याचे रक्षणच करतो. अनेकदा अक्षराची मूळ कड धातूत उरलेली नसते, ती या थरातच टिकून राहिलेली असते. थर काढला, की अक्षरही जाते.

१६/
येथेच घरोघरच्या श्रद्धेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात अनेक कुटुंबांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या शिवराई पुजली जाते. दसरा-दिवाळीला तांब्याची उपकरणी चिंच-मिठाने घासायची, तशी तीही घासली जाते. चिंचेतील आणि लिंबातील आम्ल वरचा थर विरघळवते आणि खालचे कोरे तांबे उघडे पडते. ते आठवड्याभरात पुन्हा काळवंडते. पुढच्या सणाला पुन्हा चिंच. प्रत्येक वेळी अक्षराचा एक सूक्ष्म पापुद्रा जातो. शे-दीडशे वर्षे बाजारात फिरून जे नाव टिकले, ते देव्हाऱ्यातील भक्तीने पुसले जाऊ शकते. पूजा सोडण्याची गरज नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसलेली शिवराईही तितकीच पूज्य असते.

१७/
एक थर मात्र धोक्याचा. फिकट हिरवी, पिठासारखी पूड नाण्यावर ठिपक्याठिपक्यांनी दिसू लागली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर ती तांब्याच्या क्लोराइडची खूण आहे. संग्राहक तिला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. दमट हवेत ही क्रिया चालूच राहते आणि नाणे आतून पोखरले जाते. असे नाणे प्रथम इतरांपासून वेगळे काढावे, कोरड्या डबीत ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. साध्या मातीसाठी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस भिजवणे आणि लाकडी काडीने हलकेच माती सोडवणे पुरेसे असते. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत. कालांतराने त्यांतून सुटणारी द्रव्ये तांब्यावर चिकट हिरवा डाग पाडतात.

१८/
मागणी वाढली, की बनावट आलीच. साच्यात ओतलेल्या खोट्या शिवराईच्या काठावर जोडाची रेघ असू शकते. पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात आणि अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या मऊ असतात. सर्वांत उपयोगी कसोटी जुळ्या नाण्यांची आहे. हाताने पाडलेल्या दोन शिवरायांत मजकूर तंतोतंत एकाच जागी सरकलेला, चकती एकाच ठिकाणी फाटलेली आणि खड्डा एकाच अक्षरावर पडलेला, असे घडत नाही. तशी दोन नाणी आढळली, तर किमान एक दुसऱ्यावरून ओतलेले आहे, किंवा दोन्ही तिसऱ्यावरून.

१९/
आता पुन्हा जामखेडकडे. हा तालुका शतकानुशतके सीमेवरचा. अहमदनगरच्या निजामशाहीची तांब्याची नाणी येथल्या बाजारात फिरली असतील, कारण सोन्याचांदीपेक्षा तांब्याची नाणीच त्या राज्याने मोठ्या संख्येने पाडली. जवळचे परांडा हे १६०० नंतर काही काळ निजामशाहीची राजधानी होते. पेशवाईत येथे शिवराई चाले. शेजारचे आष्टी, पाटोदा हे भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे काही कोसांवर निराळे चलन. याच तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. त्यांच्या अमलातील महेश्वरच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचे पान दिसते. कोणत्या गावापर्यंत कोणता पैसा चालत होता, हा येथे खराखुरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

२०/
आणि त्याचे उत्तर कोणत्याही दफ्तरापेक्षा शेतात सापडणारी सुटी नाणी अधिक चांगले देऊ शकतात. सोन्याचे हंडे सापडले, की बातमी होते. सुटा तांब्याचा पैसा मात्र पावसाळ्यात नांगरटीनंतर वर येतो, मुलाच्या खिशात जातो, मग मोडीत किंवा जुन्या बाजारातील ढिगात. पुण्याच्या जुन्या बाजारात पोहोचेपर्यंत ते नाणे कोणत्या शिवारातील होते, हे सांगणारा कोणी उरत नाही. नाणे शिल्लक राहते, परंतु सीमेविषयीची त्याची साक्ष नाहीशी होते. प्रत कितीही उत्तम असली, तरी ती परत मिळत नाही.

२१/
कायदाही येथे सांगणे आवश्यक आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात. खासगी व्यक्तीने ती देशाबाहेर पाठवणे निषिद्ध आहे आणि अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. आजोबांनी ठेवलेली शिवराई घरात जपणे आणि शेतात सापडलेला नाण्यांचा गठ्ठा गुपचूप विकणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत.

२२/
मग तरुण संग्राहकाने काय करावे? महागडे भिंग नंतर घ्यावे. आधी आम्लरहित कागदाची लहान पाकिटे आणि एक वही घ्यावी. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहावे : नाणे कोठून आले (गाव, शक्य तर शिवार), कोणाकडून, कोणत्या दिवशी, वजन, व्यास, दोन्ही बाजूंवर प्रत्यक्ष दिसणारी अक्षरे, जशी आहेत तशी. ‘शिव’ दिसत नसेल, तर अंदाजाने लिहू नये. दोन्ही बाजूंची आणि काठाची छायाचित्रे काढावीत. घरच्या शिवराईबाबत ती कोणत्या पिढीपासून आहे, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवावे.

२३/
अशा पन्नास नोंदी जामखेड, कर्जत, आष्टी, भूम, करमाळा या सलग पट्ट्यातून जमल्या, तर खुर्द्याचा नकाशा काढता येईल. दुदांडी कोठपर्यंत पोहोचली होती, हैदराबादचा पैसा कोठपासून सुरू होत होता, कोणत्या गावात दोन्ही एकत्र चालत. हे काम मोठ्या लिलावगृहाचे नाही. ते गावात राहणाऱ्या, वही बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला जमणारे आहे, आणि अहिल्यानगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेला अशा नोंदींचा निश्चित उपयोग होऊ शकतो.

२४/
शेवटी झिजेविषयी. संग्राहकाला कोरे नाणे प्रिय असते. परंतु कोरी शिवराई म्हणजे कोठेतरी अडकून पडलेली, बाजार न पाहिलेली शिवराई. जिच्या ‘राजा’वरील काना सपाट झाला आहे, ती वाण्याच्या गल्ल्यातून, शिपायाच्या कमरेच्या कशातून आणि आठवडे बाजारातून फिरली आहे. खर्ड्याच्या तहातील कोटींचा हिशेब पुण्याच्या आणि हैदराबादच्या दफ्तरांनी ठेवला. त्या वर्षी छावणीबाहेर मीठ विकणाऱ्या बाईचा हिशेब कोणी लिहिला नाही. तो या सपाट झालेल्या अक्षरांत आहे. शिवराई हाती आली, तर चिंच बाजूला ठेवावी आणि वही उघडावी.